नंबर नसलेली स्टेज

गेल्या उन्हाळ्यात शनिवार पेठेतला आमचा वाडा रिकामा करायचा होता. बिल्डरशी करार झाला होता, महिनाभरात खोल्या मोकळ्या करून द्यायच्या होत्या. माळ्यावरून एकेक वस्तू खाली येत होती: पितळी पातेली, गौरींच्या मखराच्या पट्ट्या, आजोबांच्या पंचांगांचा गठ्ठा. आणि सगळ्यात मागे, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम. दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवरचं चित्र अर्धं सोलवटलं होतं, पण मारिओची लाल टोपी तेवढी शाबूत होती.

ती टोपी बघितली आणि मला संजूदादाची स्टेज आठवली.

संजूदादा माझा आतेभाऊ. मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे यायचा. १९९६ च्या दिवाळीत बाबांनी हा गेम आणला होता आणि पुढच्या सुट्टीत वाड्यातली सात-आठ पोरं आमच्या मधल्या खोलीत पडीक असायची. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात, असा नियम होता. तेव्हा दादाने सांगितलं, "मित्राकडे बघितलंय मी. पहिल्या वर्ल्डची दुसरी स्टेज, एक-दोन, तिच्या शेवटी भिंतीतून आत जाता येतं. आत पाण्यातली स्टेज आहे. तिला नंबरच नाही, नुसती रेघ आणि एक. आणि ती संपतच नाही."

अख्खी दुपार तो त्या भिंतीवर उड्या मारत राहिला. जमलं नाही. पोरांनी त्याला थापाड्या ठरवलं आणि सुट्टी संपेपर्यंत त्याच नावाने हाक मारली. हसणाऱ्यांत मीही होते. दादाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता इतक्या वर्षांनी मला माहीत होतं की ती स्टेज खरी आहे. कुठेतरी वाचलं होतं, फोटोही पाहिला होता. पण फोटो बघणं वेगळं. मला ती आमच्याच गेमवर, आमच्याच कॅसेटमधून काढायची होती आणि मग दादाला फोन करायचा होता.

पहिली अडचण म्हणजे गेम चालूच होईना. तपकीर गल्लीत घेऊन गेले. दोन-तीन दुकानांत नुसता बघून परत दिला. शेवटी एका बोळातल्या दुरुस्तीवाल्या काकांनी हातात घेऊन उलटासुलटा केला. "ताई, याचे पार्ट आता येत नाहीत. पण आत फार काही नसतंच. ठेवून जा, परवा या." परवा गेले तर चालू! आतला ७८०५ गेला होता. अ‍ॅडॉप्टरमधून ९ व्होल्ट येतात, त्याचे ५ व्होल्ट करून देणारा तीन पायांचा पार्ट. तो बदलला, एक फुगलेला कपॅसिटर बदलला, बस्स. बाकी बोर्ड जसाच्या तसा चांगला होता, हे सांगताना काकांनाच माझ्याइतका आनंद झाला होता.

कॅसेट मात्र लागेना. पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. लहानपणी आम्ही अशा वेळी कॅसेटमध्ये जोरात फुंकर मारायचो आणि ती लागायची. त्यात फुंकरीचं श्रेय फार नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की पिना नव्याने टेकतात, तेवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. आमच्या कॅसेटच्या पट्ट्या अगदी काळ्या पडल्या होत्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मी त्या पुसायला घेतल्या. पहिल्या चार काड्या काळ्याकुट्ट निघाल्या, पुढच्या दोन तपकिरी, आणि सातवी जवळजवळ पांढरी. पट्ट्या पुन्हा तांबूस दिसायला लागल्या. कॅसेट बसवली, बटण दाबलं, आणि तीच धून. माझी मुलगी मुक्ता आतल्या खोलीतून धावत आली.

पण घरच्या मोठ्या एलसीडीवर माझ्या उड्या चुकत होत्या. पहिल्याच खड्ड्यात मारिओ पडायचा. हात विसरला असेल असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतो आणि मग दाखवतो, त्यात क्षणभर उशीर होतो. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही येईल तसं चित्र ओढत जातो. बंदुकीने बदकं टिपायचा खेळ तर एलसीडीवर चालतच नाही. घोडा दाबला की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड नेमक्या त्याच वेळी दिसावा लागतो. म्हणून रविवारी जुन्या बाजारात जाऊन चौदा इंची टीव्ही आणला. रिक्षात मांडीवर घेऊन. मुक्ताला तो टीव्ही इतका जड कसा, याचंच नवल.

सराव म्हणून आधी सोप्या गुपितांपासून सुरुवात केली, आणि तिथे मला खरं तर वाईटच वाटलं. आम्ही पोरं प्रत्येक वेळी गेम ओव्हर झालं की एक-एकपासून सुरुवात करायचो. पाच-तीनपर्यंत जाऊन परत एक-एक. कित्येक दुपारी अशा गेल्या. आणि गेममध्ये पहिल्यापासून सोय होती: गेम ओव्हर झाल्यावर नावाच्या पडद्यावर ए दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. आमच्या खोक्यात माहितीचं पुस्तक नव्हतंच. ज्याला जे कळलं ते तोंडी पुढे जायचं, आणि हे आमच्या वाड्यापर्यंत पोचलंच नाही.

कॉन्ट्रा या दुसऱ्या गेमचा कोड मात्र पोचला होता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, मग स्टार्ट, की तीस लाइफ. तो माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर बाणांनी लिहिलेला होता. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम निन्टेंडोच्या मशीनवर आणताना तो घातला, कारण तपासणीसाठी त्यांना स्वतःलाच तो गेम पार करता येत नव्हता. मग तो काढायचा राहिला. हे वाचलं तेव्हा मला ते गृहस्थ फार जवळचे वाटले.

मुक्ताला सगळ्यात आवडलं ते बदक. एकजण बंदूक धरतो तेव्हा दुसऱ्याने रिमोट हातात घ्यायचा. एका बदकाच्या खेळात ते बदक रिमोटने हवं तिकडे वळवता येतं. आम्हाला हेही माहीत नव्हतं. संध्याकाळभर मी नेम धरत होते आणि ती बदक वाचवत होती.

मग भिंत.

हे नीट सांगते, कारण मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. एक-दोन ही जमिनीखालची स्टेज. तिच्या शेवटी बाहेर नेणारा आडवा पाइप भिंतीला लागून आहे. मारिओ मोठा हवा, नाहीतर विटा फुटत नाहीत. पाइपाच्या वर विटांचं छत आहे. त्यातली भिंतीला चिकटलेली वीट राखायची आणि तिच्या शेजारच्या दोन फोडायच्या. मग पाइपाच्या अगदी डाव्या कडेवर उभं राहायचं, तोंड डावीकडे. खाली बसायचं, बसल्याबसल्या उडी मारायची आणि हवेत असताना उजवीकडे दाबायचं. अंतर अचूक साधलं तर मारिओचं अंग राखलेल्या विटेत आणि भिंतीत शिरतं. घन वस्तूच्या आत अडकलेल्या मारिओला गेम बाहेर ढकलतो, आणि तो सरकत सरकत भिंतीच्या पलीकडे निघतो.

पहिल्या रात्री एकदाही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार, लाइट दुपारपर्यंत नव्हती. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की मी उडी पाइपाच्या मधून मारतेय. कडेवर म्हणजे अक्षरशः कडेवर, मारिओचा एक पाय हवेत दिसला पाहिजे. शिवाय वेळ मर्यादित, आणि मोठा मारिओ वाटेत लहान झाला की सगळं परत पहिल्यापासून. एकदा मी राखायची वीटच फोडली आणि पाच मिनिटं गप्प बसून राहिले. मुक्ता म्हणाली, "आई, दादामामालाही असंच झालं असेल ना?" झालंच असणार. त्याच्यामागे तर सात पोरं ओरडत होती.

शनिवारी रात्री, साडेअकराच्या सुमाराला, मारिओ भिंतीत शिरला. पाय हलत नव्हते, पण तो सरकत होता. विटांवरून, विटांच्या आतून. मी श्वास धरून ठेवला होता.

पलीकडे तीन पाइपांची खोली आहे. सरळ मार्गाने, छतावरून, तिथे गेलं तर पाइपांवर ४, ३, २ असे आकडे असतात. ते आकडे पडदा पुरेसा पुढे सरकल्यावरच लागतात. भिंतीतून आलं की पडदा तेवढा सरकलेला नसतो, आणि गेमकडे तोवर दुसऱ्याच खोलीची माहिती असते. मधल्या पाइपाला ५, आणि दोन्ही बाजूंना काहीच नाही. त्या 'काहीच नाही'चा कोरा चौकोन गेमच्या चित्रांच्या यादीत ३६ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे कडेच्या पाइपात उतरलं की गेम निमूटपणे ३६ व्या वर्ल्डमध्ये नेतो, आणि ३६ छापायला जातो तेव्हा छापला जातो तो कोरा चौकोन. म्हणून पडद्यावर वर्ल्ड, मग रिकामी जागा, मग रेघ, मग १. दादाने सांगितलं होतं अगदी तस्सं. १९८५ मधल्या अवघ्या ४० किलोबाइटच्या कॅसेटमधली ही जागा कुणी बांधलेली नाही. मला ती बांधलेल्या जागांपेक्षा जास्त आवडते.

पुढे जायच्या आधी थांबायचं असतं, हे मला ठाऊक होतं. डावा पाइप. खाली.

पडदा काळा झाला. रेघ आणि एक.

मी स्टार्ट दाबून खेळ थांबवला आणि दादाला फोन लावला. तो आता कोथरूडला राहतो. "एवढ्या रात्री? मामी बरी आहे ना?" त्याने आधी माझ्या आईची चौकशी केली. मी म्हटलं, "दादा, सगळे बरे आहेत. नंबर नसलेली स्टेज लागलीय." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "बंद करू नकोस. निघालो."

वीस मिनिटांत तो दारात होता, घरातल्याच कपड्यांवर. मुक्ताने जाऊन दिवाणावरची जागा त्याला करून दिली. मी रिमोट पुढे केला. मी म्हटलं, "दादा, तेव्हा मीपण हसले होते." तो म्हणाला, "लहान होतीस गं." आणि स्टार्ट दाबलं.

पाण्यातली झाडं, लाल मासे, पांढरी म्हाकुळं. मारिओ पोहत पोहत शेवटच्या पाइपात शिरला आणि परत सुरुवातीलाच निघाला, तेच पाणी, तीच झाडं. दादा पडद्यावरून नजर न काढता मुक्ताला म्हणाला, "बघ, आता पुन्हा पाइप येईल." पाइप आला. तो पुन्हा आत गेला.