खुरांचं पाणी गोठलंच पाहिजे

हाडांचं सूप करायचं म्हटलं की लोक खाटकाकडे नळ्या मागतात. नळी चोखायला झकास, पण तिच्या आत बहुतेक चरबीच. गार झाल्यावर सूप थरथरायला हवं असेल तर खूर घ्यावेत. बकऱ्याच्या पायाला मांस जवळपास नसतंच. असते ती कातडी, शिरा, सांधे आणि हाडं, आणि त्यातच कोलेजन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं. मंद आचेवर पाण्यात बराच वेळ राहिलं की त्याचे पीळ सुटतात आणि पाण्यात उतरतं ते जिलेटीन.

माझ्या भाचीनं मध्यंतरी कोलेजन पावडरच्या डब्याचा फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. मी म्हटलं, बाई, तू नागपूरची ना? इथं सावजी भोजनालयात खूर मागितला की तेच वाटीत येतं, वर तर्रीसकट.

आमचा खाटीक खूर भाजून, खरवडून देतो. तरी घरी आल्यावर मी बोटांच्या बेचक्या बघतेच, केस तिथंच राहतात. परवा मी चार मागितले तर म्हणाला, "चारानं काय व्हते जी? आठ घेऊन जा न." त्याचा धंदा, पण बोलणं खोटं नव्हतं. पाणी जास्त आणि खूर कमी झाले की कितीही उकळा, पातळच राहतं.

आधी गार पाण्यात घालून एक उकळी आणायची आणि ते फेसाळ पाणी सरळ ओतून द्यायचं. इथं काटकसर नको, नाहीतर पुढं घरभर वास. मग खूर जेमतेम बुडतील एवढं ताजं पाणी, आलं, मिरी, एखादी तेजपत्ती, चमचाभर व्हिनेगर. मीठ शेवटी, कारण पाणी आटत जातं. उकळी खदखदती नको, कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येत राहिला की पुरे. खदखदलं की चरबी पाण्यात मिसळते आणि सूप गढूळ होतं. असं सहा-सात तास. गॅससाठी जीव तुटत असेल तर कुकरमध्ये बारीक आचेवर दीड तास.

कुकरबद्दल कमीपणा वाटून घेऊ नका. दनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये 1679 साली कुकरचा पूर्वज बनवला, तो हाडं मऊ करायलाच. बंद भांड्यात पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापतं म्हणून काम लवकर होतं. फक्त तासन् तास शिट्ट्या काढत बसू नका, जास्त उष्णतेनं जिलेटीनचे धागे तुटतात आणि गोठण सैल पडते.

गाळून गार केलं की वर चरबीचा पांढरा थर येतो. त्याखालचं पाणी डबा वाकडा केला तरी हललं नाही पाहिजे. थंडीत फ्रिजही लागत नाही. जानेवारीत आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, रात्री ओट्यावर ठेवलेलं पातेलं सकाळी घट्ट. मे महिन्यात मात्र हा प्रयोग नकोच. जिलेटीन पस्तिशीच्या आसपास वितळतं आणि आपला पारा पंचेचाळिशीला. गाळल्यावर बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. तीन-चार दिवसांत संपवा, दर वेळी उकळून.

घरी जिलेटीनची पावडर बनेल का, असंही भाची विचारत होती. बनायला हरकत नाही, पण वास राहणारच. कारखान्यात कातडी-हाडं आम्लात नाहीतर चुन्यात मुरवतात, मग गाळून-वाळवून बिनवासाची पावडर काढतात. आपण सूप निम्मं आटवावं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं. त्या वड्यांची मँगो जेली मात्र करू नका, आंब्याला खुराचा वास! त्यासाठी चायना ग्रास आहे, समुद्री शेवाळाचं, शाकाहारी शेजारणीलाही चालतं.

आता गुडघ्यांचं, म्हणजे हे सूप गुडघ्यांना चांगलं असं लोक म्हणतात त्याचं. खाल्लेलं कोलेजन पोटात पचून सुटं होतं, ते नेमकं गुडघ्यात जाऊन बसेल असं कोणी सांगितलं तर मी हसते. व्हिनेगरनं हाडातलं कॅल्शियम भरभरून उतरतं हेही खरं नाही, फार थोडं उतरतं. आणि नुसत्या जिलेटीनवर जीव जगत नाही. पॅरिसमध्ये मॅजेंडी या शरीरशास्त्रज्ञाच्या समितीनं कुत्र्यांवर हे करून बघितलं होतं, अहवाल 1841 चा. जिलेटीनमध्ये ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, नसतोच. म्हणून सोबत डाळ, अंडं, भाकर हवीच.

मी करते ते चवीसाठी. सावजी मसाला परतून त्यात पाण्याऐवजी या दोन-तीन वड्या टाका. रस्सा ओठांना चिकटतो, आणि ज्वारीच्या भाकरीवरून ओघळत नाही. वरची चरबीही फेकू नका, मसाला तिच्यातच परता. आणि खूर रविवारी सकाळी लवकर गाठा, नऊनंतर आमच्या खाटकाकडे फक्त नळ्या उरतात.