हृदयाचा नमुना: फॉर्मॅलिनपासून सिलिकॉनपर्यंत

नाशिकमधील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात ट्यूटर असताना म्युझियमसाठी हृदयाचे नवे नमुने तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. बरण्यांतील जुनी हृदये राखाडी पडली होती आणि आतून इतकी बसली होती, की विद्यार्थ्यांना झडपा दाखवताना पुस्तकातील आकृतीचाच आधार घ्यावा लागे.

या कामात सारे काही स्थिरीकरणावर, म्हणजे ऊती रसायनाने घट्ट करून टिकवण्यावर, अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी जखडते आणि स्नायू ज्या आकारात असेल त्याच आकारात ताठरतो. चपटे राहिलेले हृदय नंतर कोणत्याही उपायाने फुलत नाही. म्हणून आधी महाशिरा आणि फुप्फुसशिरांच्या तोंडांतून पाणी सोडून रक्ताच्या गुठळ्या धुऊन काढल्या. उजव्या अलिंदाच्या भिंतीवर कंगव्याच्या दातांसारख्या स्नायूंच्या कडा असतात आणि त्यांच्या खाचांत अडकलेली गुठळी सहजासहजी सुटत नाही. तिथे धारेखाली बोटानेच हळूहळू चोळावे लागते. त्यानंतर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात, भिजवलेला कापूस कप्प्यांत सैलसर भरला. कापूस ठासून भरल्यास झडपांना धरून ठेवणारे नाजूक तंतू तुटतात, त्यामुळे इथे घाई करू नये.

नाशिकच्या थंडीत एक गोष्ट मुद्दाम सांभाळावी लागली. मूळ फॉर्मॅलिन फार गार झाले, तर फॉर्माल्डिहाइडचे रेणू साखळीने जोडले जाऊन तळाशी पांढरा साका बसतो आणि वरच्या द्रावणाची तीव्रता कमी होते, म्हणून आम्ही कॅन उबदार खोलीत हलवले.

बरणीतील नमुन्यांसाठी कायझरलिंगची रंग टिकवणारी पद्धत चांगली आहे; पण विद्यार्थ्याला हृदय हातात घेऊन पाहता यावे, अशी माझी इच्छा होती. शिवाय फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत असल्याने त्याचा रोजचा संपर्क कमी करणे आवश्यक वाटत होते. त्यामुळे शरीररचनाशास्त्रज्ञ गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विकसित केलेल्या प्लास्टिनेशनचा, म्हणजे ऊतीतील पाणी व चरबीच्या जागी सिलिकॉनसारखे प्लास्टिक भरण्याचा, मार्ग आम्ही निवडला.

फॉर्मॅलिन धुऊन टाकल्यावर हृदय उणे २५ अंश सेल्सिअसच्या अ‍ॅसिटोनमध्ये ठेवले. थंडाव्यामुळे ऊती कमी आकसते. अ‍ॅसिटोन बदलत राहून त्याची शुद्धता ९९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावेपर्यंत थांबावे लागते, कारण ऊतीत पाणी उरले तर पुढचे सारे श्रम वाया जातात. वयस्क देहदात्यांच्या हृदयावर चरबीचा जाड थर असतो. तो शेवटी सामान्य तापमानाच्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळू दिला, तेव्हा कोरोनरी धमन्यांच्या शाखा स्पष्ट दिसू लागल्या.

यानंतर निर्वात पेटीत, पुन्हा थंडीतच, द्रव सिलिकॉन ऊतीत मुरवले. दाब कमी होताच अ‍ॅसिटोनची वाफ होते आणि तिच्या जागी सिलिकॉन आत खेचले जाते. दाब एकदम उतरवला, तर ऊती आकसते. म्हणून महाधमनीच्या तोंडाशी येणाऱ्या बुडबुड्यांवर लक्ष ठेवून दाब थोडा थोडाच कमी करायचा असतो. बुडबुडे जवळजवळ थांबल्यावर हृदय बाहेर काढून निथळवले आणि बंद पेटीत वायुरूप कठिणीकारकाने पक्के केले.

तयार हृदयाच्या उजव्या निलयाला खिडकी कापलेली असल्याने मॉडरेटर बँड, म्हणजे त्या निलयातील आडवा स्नायूपट्टा, आता थेट दिसतो. बरण्यांत ओले नमुने ठेवणे मात्र आम्ही सोडले नाही, कारण झडपेच्या पातळ पाकळीची हालचाल ओल्या नमुन्यातच नीट दाखवता येते.