अथेन्सला फक्त एक रात्र देऊ नका

सँटोरिनीची बोट पकडायच्या आधी एक रात्र काढायची म्हणून अथेन्स, असं आपल्याकडचे बरेच जण करतात आणि परत येऊन सांगतात की काय, नुसते मोडके खांब. आहेतच की मोडके! पण ते कोणी कसे मोडले हे कळलं की बघायला मजा येते. पार्थेनॉन हे देऊळ इ.स.पू. 447 ला बांधायला घेतलं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात, अथेना देवीसाठी. पुढे त्याचं चर्च झालं, मग मशीद, तरी दोन हजार वर्षं बऱ्यापैकी शाबूत होतं. 1687 मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला, व्हेनिसवाल्यांचा वेढा पडला, त्यांचा एक गोळा नेमका त्यावर पडला आणि मधला भाग उडाला. उरल्यासुरल्यातली बरीच शिल्पं 1801 नंतर ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने उतरवून लंडनला नेली, ग्रीक लोक ती अजून मागतायत.

अ‍ॅक्रोपोलिसचं, म्हणजे पार्थेनॉन ज्या टेकडीवर आहे तिचं, तिकीट ऑनलाइन काढा, वेळेचा स्लॉट असतो, सकाळी आठचाच घ्या. म्युझियमजवळच्या दक्षिणेकडच्या गेटने वर गेलात तर गर्दी कमी आणि डायोनिससचं थिएटर वाटेतच लागतं. बूट चांगल्या ग्रिपचे हवेत, तिथला संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. जुलै-ऑगस्टमध्ये कडक ऊन असेल तर दुपारी अ‍ॅक्रोपोलिस सरळ बंद ठेवतात, त्यामुळे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा.

खाली उतरलात की लगेच अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम, ते चुकवू नका (2009 ला उघडलं). वरच्या मजल्यावर पार्थेनॉनच्याच मापाचा काचेचा हॉल आहे, त्यात शिल्पं मूळ क्रमाने लावलीत, अस्सल दगड मधाच्या रंगाचे आणि लंडनला गेलेल्यांच्या जागी पांढऱ्याफटक प्लास्टरच्या नकला. चिडचिड न करता चिमटा कसा काढावा ते इथे बघावं. खालच्या मजल्यावर टेकडीवरच्या दुसऱ्या एका देवळात खांबांच्या जागी उभे असायचे ते बायकांचे पाच पुतळे, सहावी लंडनला.

दुसऱ्या दिवशी अगोरा, म्हणजे जुन्या अथेन्सचा बाजारचौक. तिथलं हेफेस्टसचं देऊळ जवळजवळ अख्खं आहे, मला तर पार्थेनॉनपेक्षा जास्त आवडलं.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, स्पॅनाकोपिता (पालक-चीज भरलेला खुसखुशीत पाय) कुठेही मिळतो आणि फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा नि ऑलिव्ह ऑइल. नळाचं पाणी पिता येतं. एअरपोर्टवरून निळी मेट्रो थेट शहराच्या मध्यातल्या सिंटाग्मा आणि मोनास्टिराकीला जाते, फक्त गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा.