चोवीस डोकी

एसवायला असताना, २००९च्या मे महिन्यात, मी एका उन्हाळी शिबिरात ताई म्हणून गेले होते. म्हणजे कागदावर इन्स्ट्रक्टर, पण शिबिरात सगळ्या ताया आणि सगळे दादा, तसलं प्रकरण. राजमाचीला आठ दिवस, दिवसाला दीडशे रुपये, जेवण फुकट. वय वर्षं १९, घरी मला माझा स्वतःचा टॉवेल सापडायचा नाही आणि इथे माझ्या ताब्यात ९ ते १२ वयाची २४ पोरं.

मला वाटलं होतं, आपण गाठी शिकवणार, रॅपलिंगला उभं राहणार, रात्री गाणी म्हणणार. तेही केलं हो. बोलाइनची गाठ शिकवताना ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो वगैरे, आणि माझाच ससा दोनदा झाडाला अडकला. पण मुख्य सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, तुझं काम एकच, मोजायचं. लोणावळ्याहून चालत निघालो, १५ किलोमीटर, सॅका जीपने पुढे, आणि मी दर वळणावर मोजतेय. एक पोरगं करवंदांच्या जाळीत, एक बुटात खडा गेला म्हणून खाली बसलेलं, तिसरं नुसतंच मागे वळून उभं, कधी २२ भरायचे कधी २६. एकदा तर मी स्वतःलाच धरलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी नंबर दिले. शिट्टी वाजली की ज्याने त्याने आपापला आकडा ओरडायचा. हे पोरांना इतकं आवडलं की जेवतानाही तोंडात तांदळाची भाकरी कोंबून 'हाहा', म्हणजे सहा.

फक्त सतरा गडबड करायचा. त्याचा आवाजच निघायचा नाही. दर वेळी सोळानंतर गाडी थांबायची, मग मी वाकून बघायचं, ओठ हलताना दिसले की अठरा. रात्री त्याचं पोट दुखायचं. (घरची आठवण आलेल्या पोरांचं पोटच दुखतं, डोकं कधी नाही, का ते देव जाणे.) ज्या घराच्या ओसरीवर आम्ही झोपायचो तिथल्या मावशी ओवा आणि गरम पाणी द्यायच्या आणि तो माझ्या अंथरुणाशेजारी येऊन, त्याच्या सोसायटीच्या लिफ्टमधला आरसा कसा फुटला, हे रोज पहिल्यापासून सांगायचा. तिसऱ्या दिवशी मला ते पाठ झालं होतं.

पाचव्या रात्री काजवे बघायला नेलं. मे संपता संपता, पाऊस लागायच्या आधी, राजमाचीच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकत असतात, एक झाड विझलं की शेजारचं पेटतं, आणि हे बघायचं तर टॉर्च बंद हवेत. म्हणजे २४ पोरं, मिट्ट काळोख, आणि मोजायला डोकी दिसतच नाहीत. कुणीतरी विचारलं, ताई, त्याला भाजत नाही का? मी बीएस्सीचा रुबाब करत सांगितलं, अरे तो थंड उजेड असतो, त्यात उष्णता जवळजवळ नसतेच, आणि हे जे उडताना चमकतायत ते बहुतेक नर, माद्यांना खुणावतायत. यावर जे खिदळणं सुरू झालं ते थांबवायला मी शिट्टी मारली.

एक. दोन. अंधारातून इकडून तिकडून आवाज. सोळा. माझ्या पोटात गोळा, आणि मग अगदी माझ्या कोपराजवळून, खणखणीत, "सतरा!" कुर्त्याचं टोक धरून उभा होता पठ्ठ्या. तेवीस, चोवीस, मी सुटले म्हणून श्वास सोडला, आणि मागून आवाज आला, "पंचवीस."

मी टॉर्च लावला. उधेवाडीतलाच, म्हणजे आम्ही राहायचो त्या गावातलाच एक पोरगा, सातेक वर्षांचा, पायात मोठ्या माणसाची चप्पल. आम्ही गावातून निघालो तेव्हाच मागे लागला असणार. म्हटलं, तू कोण रे? तर म्हणतो, "पंचवीस." बरोबरच होतं त्याचं.

मग राहिलेले दिवस तो यायचाच. संध्याकाळी म्हशी तळ्यावरून आणून बांधल्या की शिट्टीच्या वेळेला हजर. सरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

परतताना लोणावळ्याला बसमध्ये शेवटची मोजणी केली. सतरा ओरडला, इतका की ड्रायव्हरकाकांनी मागे वळून बघितलं. बावीस, तेवीस, चोवीस. आणि मग कुणीच सीटवर टेकेना, सगळी गप्प, मीही शिट्टी तोंडात धरून तशीच उभी. काकांनी विचारलं, झाले का सगळे, ताई?

म्हटलं, हो, चला.