एलईडी मोजू नका, व्होल्ट मोजा

एलईडीला ठरलेला करंट पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या लेबलवर '८-१२ × १ वॅट' असं छापलेलं असतं आणि रंगीत एलईडींचा अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. तो हिशोब पांढऱ्या एलईडीचा आहे. त्याच लेबलवर बारीक अक्षरांत 'आउटपुट २४-४२ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर' असं लिहिलेलं असतं, कामाची ओळ ती. अशा ड्रायव्हरला १० लाल एलईडी लावले तर जेमतेम २२ व्होल्ट भरतात. ड्रायव्हरची खालची मर्यादाच गाठली जात नाही, मग तो चालू-बंद होत राहतो आणि माळ लुकलुकते. लोक एलईडी बदलतात, मग ड्रायव्हर बदलतात. बिघडलेलं दोन्हींपैकी काहीच नसतं.

३५० मिलिअँपिअरला लाल एलईडीवर साधारण २.० ते २.५ व्होल्ट पडतात. हिरवा, निळा आणि पांढरा ३.० ते ३.५ च्या घरात. फरक चिपच्या पदार्थाचा आहे, लाल वेगळ्या अर्धवाहकाचा आणि बाकीचे तिघे गॅलियम नायट्राइडच्या कुळातले. पांढरा म्हणजे निळ्या चिपवर फॉस्फरचा (उजेडाचा रंग बदलणाऱ्या पावडरीचा) थर, त्यामुळे त्याचे व्होल्ट निळ्याइतकेच. अंबर फसवा आहे: साधा अंबर लालच्या जवळ बसतो, फॉस्फरवाला निळ्याच्या. डेटाशीट (कंपनीचा माहिती-तक्ता) बघितल्याशिवाय अंबरवर विश्वास ठेवू नये.

सीरिजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या माळेत, मात्र रंग खुशाल मिसळा. करंट सगळ्यांतून एकच जातो, व्होल्टची नुसती बेरीज होते. समजा ४ लाल, २ हिरवे, २ निळे. लालचे ४ × २.२ म्हणजे ८.८, उरलेल्या चौघांचे ४ × ३.२ म्हणजे १२.८, एकूण २१.६ व्होल्ट. २४ व्होल्टच्या सप्लायवर बक (व्होल्ट खाली उतरवणारा) ड्रायव्हर लावला तर वर २.४ व्होल्ट उरतात. कागदावर बसलं. पण एलईडी थंड असताना व्होल्ट जास्त लागतात, शिवाय प्रत्येक नग सारखा नसतो. लालला २.६ आणि बाकीच्यांना ३.६ धरून बघा: १०.४ अधिक १४.४, म्हणजे २४.८. सप्लायच्याही वर गेलं. अशा वेळी काही जळत नाही, करंट पूर्ण मिळत नाही आणि उजेड मंद पडतो. एक एलईडी कमी करा, नाहीतर ड्रायव्हरला झेपत असेल तर ३६ व्होल्टचा सप्लाय घ्या. बेरीज नेहमी डेटाशीटच्या कमाल आकड्यांनी करावी, आणि खालच्या मर्यादेसाठी किमान आकड्यांनी.

माळेतल्या सगळ्यात नाजूक एलईडीला झेपेल तोच करंट सगळ्या माळेला. निळा १००० मिलिअँपिअरचा आणि लाल ७०० चा असेल तर ड्रायव्हर ७०० चा.

पॅरलल, म्हणजे करंट वाटून घेणाऱ्या शेजारी-शेजारी फांद्या, जोडायचा मोह इथेच होतो. ३ लाल ६.६ व्होल्ट, २ निळे ६.४ व्होल्ट, जवळपास जुळतंय की! नाही जुळत. एलईडी तापला की त्याचे व्होल्ट दर अंशाला साधारण २ ते ४ मिलिव्होल्टने उतरतात. ज्या फांदीत करंट थोडा जास्त ती जास्त तापते, आणि तापली की आणखी करंट ओढते. त्यात एक एलईडी ओपन झाला (आतून तुटला) तर ड्रायव्हर त्या फांदीचाही करंट दुसरीत ढकलतो, कारण ठरलेला करंट पुरवणं एवढंच त्याला ठाऊक. एक लाल आणि एक निळा सरळ पॅरलल लावला तर निळा जवळजवळ पेटतच नाही, सगळा भार लालवर.

रंगांचं प्रमाण कमी-जास्त करायचं असेल तर एक माळ पुरत नाही. सारख्याच करंटला हिरवा डोळ्यांना झगझगीत दिसतो, निळा फिका, आणि सीरिजमध्ये हे फक्त नगांची संख्या बदलून सावरता येतं. प्रत्येक रंगाला वेगळा ड्रायव्हर आणि वेगळं पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं), हाच सरळ मार्ग. पीटी४११५ सारख्या बक ड्रायव्हरच्या चिपमध्ये करंट ठरवायला ०.१ भागिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर) इतकंच गणित: ०.३३ ओहमला सुमारे ३०० मिलिअँपिअर, ०.१५ ला सुमारे ६६७. एक अडचण अशी की यात एलईडीचा प्लस सेन्स रेझिस्टरच्या मागे असतो आणि मायनस कॉइलकडे जातो. म्हणजे दोन्ही टोकं प्रत्येक चॅनेलची स्वतंत्र हवीत. कॉमन अॅनोडचं (तिन्ही रंगांचा प्लस एकत्र असलेलं) आरजीबी मॉड्यूल इथे चालणार नाही. सहा पायांचं घ्या.

स्टार प्लेटला (एलईडी बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या छोट्या चकतीला) वायर सोल्डर करायची ती हीटसिंकवर बसवण्याआधी. नंतर केलं तर सोल्डरिंग आयर्नची उष्णता अॅल्युमिनियम पिऊन टाकतं, सोल्डर गोळ्यासारखं वर बसतं आणि सांधा कच्चा राहतो. आधी पॅडवर आणि वायरच्या टोकावर सोल्डर चढवून घ्या, मग टेकवा. थर्मल पेस्टचा थर पातळ हवा, जाड थर उष्णता अडवतो. बसवून झालं की मल्टीमीटरने प्रत्येक पॅड ते हीटसिंक कंटिन्युटी बघा, ती मिळता कामा नये. कधी कधी स्क्रूचं डोकं पॅडला टेकलेलं असतं, असं दोन ठिकाणी झालं की मधले एलईडी शॉर्ट होऊन विझतात. स्टारशिवायच्या सुट्या एलईडीचा तळ काही प्रकारांत आतून एका टोकाला जोडलेला असतो, तो थेट धातूवर ठेवू नका. थेट मेन्सवर चालणारा नॉन-आयसोलेटेड (आउटपुट मेन्सपासून विलग नसलेला) ड्रायव्हर असेल तर आउटपुटची वायरही मेन्ससारखीच जिवंत समजा.

आधी एलईडी जोडा, मग सप्लाय द्या. उलटं केलं तर रिकामा ड्रायव्हर आपल्या कमाल व्होल्टला चढून बसलेला असतो, त्याचा कपॅसिटर जोडताक्षणी एलईडीत रिकामा होतो आणि चिप जाते.

करंट तपासायला माळेत १ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर घाला आणि त्यावरचे मिलिव्होल्ट वाचा: ३५० मिलिव्होल्ट म्हणजे ३५० मिलिअँपिअर. त्याचा पाव-अर्धा व्होल्ट बेरजेत धरा. २० मिनिटांनी पुन्हा वाचा. माळेचे एकूण व्होल्ट थोडे उतरलेले दिसतील, रेझिस्टरवरचा आकडा मात्र हलता कामा नये.