एवढं होऊनही वाडीला का जाता? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, लग्नकार्यात, वॉट्सॅपवर, एकदा तर बँकेच्या लाईनीत उभी असताना, की आता एकदा नीट लिहूनच टाकते. "ताई, तुमच्या घरावर एवढं आलं तरी तुम्ही पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाता, देवानं असं का केलं हे त्याला विचारावंसं वाटत नाही का?"

वाटतं. अजून वाटतं. उत्तर मिळालेलं नाही, आणि तरी मी जाते.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझं माहेर हरिपूर, सांगलीला लागूनच, जिथं वारणा कृष्णेला मिळते आणि काठावर संगमेश्वराचं देऊळ आहे. हरिपूरची पेवं ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान आणि पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, नदी एवढी जवळ असून आत ओल नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवा नसते, तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं आणि मगच माणूस दोरानं खाली. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि कितीतरी पेवं कायमची गेली, त्यात आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचंही. मग 2019 ला घर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही सगळे पाहुण्यांकडं, हातात मोबाईल, दर तासाला एकच फोन, आयर्विनला किती झालं? ओसरल्यावर घर उघडलं तर गुडघाभर गाळ, फ्रीज आडवा पडलेला, आणि लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकाला चिकटून त्याचा एक ठोकळा झालेला, एकही फोटो सुटा निघाला नाही.

आणि 2021 च्या मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा धाकटा भाऊ गेला. ऑक्सिजन लावलेला होता, बोलता येत नव्हतं, व्हिडिओ कॉलवर त्यानं हातानं खूण करून अण्णांना विचारलं, जेवलात का. ह्याच्यावर जास्त लिहवत नाही.

आता पुराचं म्हणाल तर तो का आला हे मला कळतं. कोयना भरलेली, 105 टीएमसीचं धरण, वर महाबळेश्वर-पाटणकडं पाऊस थांबेना, चांदोली धरणाचं पाणी वारणेतून हरिपुरातच येऊन मिळणार, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं विसर्ग किती चाललाय ह्यावर वाद, आणि शहरात नाले बुजवून पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं. त्यासाठी वडनेरे समिती बसली, अहवाल आला, त्यावरही लोक भांडले आणि भांडायलाच पाहिजे, कारण हा हिशोब माणसांकडून घ्यायचा असतो, देवाच्या नावावर खपवायचा नसतो. माझी श्रद्धा आहे म्हणून मी पूरपट्ट्यातल्या भरावाबद्दल गप्प बसावं असं कुणाला वाटत असेल तर ते मला अजिबात मान्य नाही.

पण माझाच भाऊ का, हे कुठल्या समितीला विचारणार?

ह्याचं उत्तर द्यायला मात्र लोक तयार असतात. भाऊ गेल्यावर भेटायला आलेल्या एका बाईंनी आईला सांगितलं, मागच्या जन्मीचं देणं असतं हो ते. दुसऱ्या म्हणाल्या, देव आपल्या माणसांचीच परीक्षा बघतो. आई नुसती ऐकत होती, हातातला चहाचा कप तसाच. मला ह्या बोलण्याचा आजही राग येतो आणि तो राग योग्यच आहे असं मी मानते, कारण ज्याचं पोर गेलंय त्याच्या हातात तुम्ही आणखी एक अपराध देऊन जाता. माहीत नसेल तर नाही माहीत म्हणावं, शेजारी बसावं, भांडी घासून द्यावीत.

खरं माझ्या डोळ्यासमोर राहिलंय ते त्याच वर्षीच्या डिसेंबरमधलं. आमच्याकडं दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह असतो, अण्णा वाचतात. त्या वर्षी बसणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, पण बसले. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीतच असेल, विसाव्या-एकविसाव्या अध्यायात शिरोळच्या बाईची गोष्ट आहे, तिची मुलं एकामागून एक जातात, मागच्या जन्मीचं ऋण हे कारणही तिथं सांगितलंय, आणि शेवटी वाडीला औदुंबराखाली गुरूंच्या कृपेनं तिचं गेलेलं मूल उठून बसतं. शिरोळ म्हणजे काय, आमच्यापासून तासाभराच्या आतलं गाव. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते आणि माझे कान तिकडं. अण्णा त्या जागेवर आले, आवाज बसला, तांब्यातलं पाणी प्यायले, चष्मा काढून उपरण्याला पुसला, आणि मूल उठून बसतं ती ओवी त्यांनी वाचली. गाळली नाही, घाई केली नाही. त्यांचं स्वतःचं मूल उठलं नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाचं उठणं त्यांनी आनंदाचीच गोष्ट म्हणून वाचलं, आणि पुढचा अध्याय काढला.

मला कुणी विश्वास म्हणजे काय विचारलं तर मी हे सांगते, ह्याच्यापेक्षा वेगळी व्याख्या माझ्याकडं नाही. अण्णांना काही कळलं होतं म्हणून ते बसले नव्हते. मी नंतर विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, त्याच्याशी बोलायचं बंद करून मी कुणाशी बोलू?

माझंही तेच आहे. वाडीला मी समाधानासाठी जाते असं नाही, कित्येक पौर्णिमांना तर पादुकांसमोर उभी राहून मी फक्त भांडलेय, मनातल्या मनात पण चांगली कडाकडा. तुकोबांचं दुष्काळात दुकान बुडालं, बायको गेली, मुलगा गेला, आणि ते विठोबाला सोडून गेले नाहीत, त्याच्याशी वाद घालत राहिले, म्हणजे ही वाट आपल्याकडं जुनीच आहे. देव सोडला तर माझा प्रश्न संपणार नाही, फक्त तो विचारायला समोर कुणी उरणार नाही.

एक गोष्ट मला अजून पचलेली नाही, तीही सांगते. कृष्णेचं पाणी वाढलं की वाडीच्या देवळात दक्षिणद्वार सोहळा होतो, पाणी उत्तरेकडच्या दारानं आत येतं, पादुकांवरनं वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, आणि त्यात स्नान करायला लांबलांबनं लोक येतात. तेच पाणी आदल्या दिवशी सांगलीतनं, हरिपुरावरनं गेलेलं असतं. पूर्वी मी हौसेनं जायचे. आता पाणी चढायला लागलं की मला आधी आयर्विनचा आकडा दिसतो, पोटात गोळा येतो, आणि तरी दक्षिणद्वार झालं अशी बातमी आली की हात आपोआप जोडले जातात. दोन्ही एकाच वेळी होतं आणि हे कसं ते मला जुळवून दाखवता येणार नाही. मी जुळवायचा प्रयत्नही सोडलाय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे परवा एका ताईंनी हाच प्रश्न विचारला, त्यांचा मुलगा गेलाय, देवघरात दिवा लावणं त्यांनी बंद केलंय आणि त्याचंच त्यांना ओझं वाटत होतं. ताई, दिवा नाही लावला तरी चालेल, तुम्हाला कुणी काही म्हणायला आलं तर माझं नाव सांगा. आणि कधी वाटलं तर पौर्णिमेला माझ्याबरोबर चला, सांगली स्टँडवरनं वाडीची एसटी असते, आत दर्शनाला नाही यायचं तर घाटावर बसा, मी येईपर्यंत.