चौथी बॅग: जोडावर सुटणारा टाका अखेर बसला

काल रात्री जुन्या जीन्सच्या चौथ्या बॅगेचा पट्टा एकही टाका न सुटता पूर्ण शिवून झाला! तीन आठवडे तिथंच अडकले होते.

जीन्सच्या एका पायाची लांबी पट्ट्याला पुरत नाही, जोड द्यावाच लागतो. (जीन्समधल्या लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा, ताण बहुतेक आडव्या धाग्यात असतो, म्हणून पट्टा उभाच कापते. पहिल्या बॅगेचा आडवा कापला होता, तो चार दिवसांत लोंबला.) पट्टा दुमडून चार पदरी, म्हणजे सरळ जोडाशी शिवणीच्या कडा धरून आठ थर. 16 नंबरच्या दोन सुया मोडल्या, 18ची लावली, दोऱ्याचं टेन्शन सैल केलं, घट्ट केलं. टाके सुटतच राहिले.

मग हाताने चाक फिरवत एकेक टाका पाहिला. जोडावर चढताना फुटाचं (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचं) नाक वर जातं, कापड दाबलं जात नाही, ते सुईबरोबर उचललं जातं आणि खालच्या हुकाला दोऱ्याचा फास सापडत नाही. फुटाच्या टाचेखाली डेनिमची घडी सरकवली, उतरताना तीच पुढे घेतली. तरी दोन टाके सुटलेच.

उत्तर सापडलं बहिणीच्या ब्लाउजची पायपिंग करताना. पायपिंगच्या पट्ट्या आपण तिरक्या जोडतो, मग डेनिमच्या का नाही? 45 अंशात जोडला, शिवणीच्या कडा दोन बाजूंना उघडून इस्त्री केली, पाटावर ठेवून बत्त्याने ठोकली. जाडी दोन-अडीच इंचांत पसरली आणि मशीन त्यावरून सरळ गेलं. आता बोट फिरवलं तर जोड जेमतेम लागतो.

सुट्या सुया घेऊ नका, माझ्या पुडीत दोन वाकड्या निघाल्या. रविवार पेठेतून बंद पाकीट आणलं, फरक लगेच कळला. नवीन घेते ते एवढंच, सुया आणि दोरा. आतल्या कप्प्याची पितळी चेन त्याच जीन्सची आहे. जीन्स आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीकडून घेते. तिने त्यासाठी भांडी दिलेली असतात, त्यामुळे ती सांगेल तो भाव देते, घासाघीस करत नाही.

आता झाकण. आत्याच्या इरकलचा काठ लावायचाय, पण तो घडीवर विरलाय. फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून मशीन मारणार होते. लिहिता लिहिता वाटतंय, सुईच्या भोकांनी तो तिथंच फाटेल. त्यापेक्षा खाली जुन्या धोतराचा तुकडा ठेवून गोधडीसारखा हाताने धावदोरा घालते. रविवारी आधी कडेच्या वीतभर तुकड्यावर करून बघेन.